चार वाजता बोलणारा पंप

आमच्या दुकानातला फोन वाजला की पलीकडून माणसाचाच आवाज येईल असं नाही. बरेचदा पलीकडचा माणूस यंत्र झालेला असतो. “गुन्वोर, ऐक हं,” असं म्हणून एखादा चांगला साठीचा, धिप्पाड शेतकरी माझ्या कानात “घुर्रर्र-टक, घुर्रर्र-टक” करायला लागतो. शाळेच्या मुख्याध्यापिका मांजरीसारख्या फिसकारून दाखवतात. पाद्री तर सूर लावून “सुंऽऽऽ” करतो, रोजची सवयच पडली त्याला. मी पेन कानामागे खोचते आणि गंभीर आवाजात विचारते, “टक आधी की घुर्र आधी?” हसायची सोय नाही. एकदा हसले होते, तर तो शेतकरी वर्षभर दुकानाची पायरी चढला नाही.

आमच्या लायरविक गावात घर तिथे हीट पंप. बाहेरच्या भिंतीला पंख्याचा एक डबा, आतल्या भिंतीवर दुसरा. बाहेर हाडं गोठवणारी हवा असली तरी तिच्यातूनही ऊब गोळा करून हा पठ्ठ्या घरात फुंकतो. हिवाळाभर अखंड चालतो, म्हणून घरातल्या म्हाताऱ्यांच्या खोकल्याइतकीच त्याच्या खोकल्याची लोकांना धास्ती. पंप कुठलाही असो, कुणीही विकलेला असो, तो कुरकुरायला लागला की फोन आमच्याकडे येतो. आम्ही म्हणजे टेबलामागे मी आणि शिडीवर तोरफिन.

आणि आवाजाचे रोग ओळखणारा हा तोरफिन कानांनी अर्धा बहिरा आहे.

मिसरूड फुटायच्या आधी तो बापाच्या मासेमारी बोटीवर इंजिनच्या खोलीत उतरला. ती बोट खाडीच्या टोकाला असली तरी गावात कपबशा थरथरायच्या. त्या इंजिनाने त्याचे कान खाऊन टाकले. घरघर, धडधड असे जाडेभरडे आवाज त्याला कळतात. पाखरांची चिवचिव, फोनची घंटी, बायकांची कुजबूज, यातलं काही कळत नाही. कानात घालायचं यंत्र मिळालंय, ते टेबलाच्या खणात माझ्या बिस्किटांशेजारी पडलेलं असतं. मी त्याला नेहमी म्हणते, “तू लग्न केलं नाहीस ते बरंच झालं. बायको भांडत राहिली असती आणि तू स्क्रू आवळायला गेला असतास.”

“काय म्हणालीस?” तो विचारतो.

“काही नाही. बर्फ पडेल म्हटलं.”

मग त्याला आवाज कळतात कसे? दातांनी. त्याच्याकडे एक लेफ्सेची काठी आहे. लेफ्से म्हणजे आमची बटाट्याची पोळी, परातीएवढी आणि कागदासारखी पातळ. ती उलटायला हातभर लांबीची चपटी काठी लागते. तोरफिन काठीचं एक टोक दातांत घट्ट धरतो, दुसरं यंत्राला टेकवतो, डोळे मिटतो आणि ऐकतो. आवाज कान चुकवून हाडांतून थेट डोक्यात शिरतो, असं त्याचं म्हणणं. ही युक्ती त्याला बोटीवर सापडली. काठी आईची होती. एका नाताळात आई घरभर ती शोधत होती, शेवटी बोटीतल्या हत्यारांच्या पेटीत मिळाली. टोकावरचे दातांचे वण पाहून ती म्हणाली, “बोटीवर कुत्रा कधी आणलात?” तोरफिनने ताटातून मान वर केली नाही. त्याने आईला नवी काठी आणून दिली आणि चावलेली स्वतःकडे ठेवली.

त्या काठीने त्याने काय काय शोधलंय! एका घरी पंप शोभत नाही म्हणून मालकाने त्याला सुबक लाकडी घर बांधलं, वर लाल रंग, पांढऱ्या चौकटी. पंप त्यात गुदमरून कण्हत होता. दुसऱ्या घरी नाताळात पाखरांसाठी ओटची पेंढी नेमकी पंपावरच टांगली. पाखरं दाणे खायची, भुसा पंखा खायचा. तोरफिन डोळे उघडतो आणि एकच शब्द बोलतो. “भुसा.” किंवा “बर्फ.” किंवा “सैल.” गिऱ्हाइकाला वाटतं आणखी काही बोलेल, पण तो शिडी उचलून चालू लागलेला असतो.

आणि मग त्या हिवाळ्यात बोर्गहिल्डचा फोन आला.

बोर्गहिल्ड खाडीच्या वरच्या उतारावर राहते. जन्मभर मासळीच्या कारखान्यात सुरी चालवली, नवरा गेला त्यालाही बरीच वर्षं झाली. ऐंशी नुकतीच पार केली होती. घर असं की जमिनीवर सांडलेलं दूध चाटून प्यावं. मुलगा एकच, स्टाइनार. तो फेरीबोटीवर काम करतो, दर रविवारी आईकडे जेवायला येतो.

“गुन्वोर, पंप बोलतोय,” ती म्हणाली.

“काय म्हणतोय?”

“ब्लुब.” थोडं थांबून, “ब्लुब-ब्लुब. भिंतीत बसून कोणीतरी घोट घोट पाणी पितंय बघ.”

“निस्से असेल, घर राखणारा तो लाल टोपीवाला बुटका. नाताळात त्याची खीर ठेवायला विसरलीस की काय?”

“आता खीर ठेवली तर स्टाइनार डॉक्टरला बोलावेल. थट्टा नको गं. हे बघ, मी फोन त्याच्याजवळ नेते, तूच ऐक.”

तिचा फोन दाराजवळच्या बोळात, जुना, लांब वायरीचा. ती बैठकीच्या खोलीपर्यंत ओढत गेल्याचं मला ऐकू आलं. मग पंपाची साधी सळसळ, बाकी काही नाही.

“थांबला,” ती हळूच म्हणाली. “असंच करतो. मी फोन उचलला की गप्प बसतो. मी एकटी असले की बोलतो.”

हे ऐकून मी थट्टा थांबवली.

तोरफिन दुसऱ्या दिवशी सकाळी गेला. काठी आतल्या डब्याला लावली, बाहेरच्या डब्याला लावली, नळ्यांना लावली. सगळं ठणठणीत. बोर्गहिल्डने त्याला कॉफी पाजली, वॅफल आणि तपकिरी चीज खायला घातलं, आणि तो पुढ्यात असेपर्यंत पंप शहाण्या मुलासारखा वागला. चार दिवसांनी पुन्हा फोन, पुन्हा सकाळी तोरफिन, पुन्हा वॅफल. या खेपेला त्याने डब्याखाली रबराचे तुकडे घातले, स्क्रू आवळले, पंख्याची पाती पुसली. त्याच दिवशी पुन्हा फोन. “गुन्वोर, ब्लुब.”

शेवटी स्टाइनारचाच फोन आला. तो ओरडला नाही, ओरडला असता तर बरं झालं असतं.

“तोरफिनला म्हणावं, एकदा काय ते स्पष्ट सांग. पंपात बिघाड आहे की नाही?”

“तुला घाई कसली?”

“चर्चजवळच्या म्हाताऱ्यांच्या घरांत एक जागा रिकामी झालीय. शुक्रवारपर्यंत हो की नाही सांगायचंय. आई म्हणते पंप तिचं ऐकतो. आपण एकटे असलो की बोलतो, फोन उचलला की गप्प बसतो. गुन्वोर, तुझी आई असं म्हणाली असती तर तू काय समजली असतीस? मी दर रविवारी तिथे असतो. मला एकदाही ब्लुब ऐकू आलेलं नाही.”

 स्टाइनार वाईट मुलगा नाही. त्या शरद ऋतूतच त्याने सुट्टी काढून आईच्या घराच्या सगळ्या खिडक्या बदलल्या, फटी बुजवल्या. आमच्याकडे घराचं काम परक्याकडून करून घेणं म्हणजे नाक कापून घेणं. ऐंशीव्या वाढदिवसाला त्याने आईला शेगडीवरची नवी चिमणी आणली, तळणाचा वास घरात राहू नये म्हणून. आणि आता तोच आईचं घर मोडायला निघाला होता. तेही मायेपोटीच.

तोरफिन तिसऱ्यांदा गेला आणि खरं ते सांगून आला. पंपात काही नाही. परत आला तेव्हा त्याने डब्यातली भाकरी उघडली आणि तशीच ठेवली.

“काय म्हणाली ती?” मी मोठ्याने विचारलं.

“म्हणाली, ‘पंपात नाही, म्हणजे माझ्या डोक्यात आहे. माझ्या बहिणीचंही असंच सुरू झालं होतं. तिला रेडिओ ऐकू यायचा. दोन्हीपैकी कुठे आहे ते एकदा सांग तोरफिन, म्हणजे मी सामान बांधायला घेते.’”

“मग तू काय सांगितलंस?”

“काही नाही. कॉफी प्यायलो.” त्याने काठी हातात घेऊन उलटसुलट पाहिली, जणू तीच काहीतरी लपवत होती. “यंत्र खोटं बोलत नाही, गुन्वोर.”

“आणि बोर्गहिल्ड?”

“तीही नाही. तेच तर कोडं आहे.”

मला राग आला. तिघांचाही आला. “तुम्हा लोकांचं काय ते शुक्रवारी होईल,” मी म्हटलं, “पण माझी बस तिच्यापायी दर खेपेला चुकते. मी कुलपात किल्ली घातली की हिचा फोन. चार म्हणजे चार.”

माझं तोंड त्याच्याकडे होतं, म्हणून त्याला नीट कळलं. त्याने काठी खाली ठेवली.

“नेहमी चार वाजता?”

“नेहमी. सकाळी कधी करत नाही.”

“चार वाजता ती काय करते?”

“काय करणार? सगळं गाव करतं तेच. जेवण.”

“ते मलाही माहीत आहे. पण ते कोणी पाहिलंय?”

 लायरविकमध्ये जेवणाच्या वेळी कोणी कोणाच्या दारात जात नाही. चुकून गेलंच, तर घरचे जेवून उठेपर्यंत बोळातल्या स्टुलावर बसायचं. लहानपणी मैत्रिणीच्या घरी मी असल्या स्टुलावर किती वास खाल्लेत याची गणती नाही. आणि घरात बाई एकटी असली तर ती पाहुण्याची चाहूल लागताच तवा खाली उतरवते, शेगडी बंद करते आणि कॉफी ठेवते. आपण तळताना परक्याने पाहणं म्हणजे आंघोळ करताना पाहिल्यासारखं. बोर्गहिल्डला मासे तळताना तिच्या नवऱ्यामागे कोणीही पाहिलेलं नव्हतं. आणि रविवारी स्टाइनार असताना? रविवारी मटण ओव्हनमध्ये असतं, आणि स्टाइनार आल्या आल्या “काय भट्टी पेटवलीस गं!” म्हणत खिडकी उघडतो. हे त्याचं लग्नाआधीपासूनचं.

“उद्या चार वाजता,” तोरफिन म्हणाला. “तुझे कान घेऊन चल. माझे चालायचे नाहीत.”

“चार वाजता? तोरफिन, लोक काय म्हणतील?”

“काय म्हणालीस?” तो म्हणाला, पण त्याला ऐकू गेलं होतं.

गुरुवारी आम्ही तिच्या दाराशी उभे राहिलो तेव्हा माशाच्या वड्यांचा खमंग वास बाहेरपर्यंत येत होता आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. तोरफिनने टकटक केलं. आत काहीतरी खळ्ळकन ठेवल्याचा आवाज, घूं घूं करणारी चिमणी बंद झाल्याचा आवाज, मग दार उघडलं. बोर्गहिल्ड ॲप्रनला हात पुसत होती, चेहरा लालबुंद.

“चार वाजलेत!” ती म्हणाली. “कोणी गेलं की काय?”

“कोणी गेलं नाही. तू जेवण कर,” तोरफिन म्हणाला.

“या, या. कॉफी ठेवते.”

“कॉफी नको. तवा परत ठेव.”

“तुमच्यासमोर?”

“आम्ही आलेलोच नाही,” तो म्हणाला आणि बैठकीच्या खोलीत पंपाखाली जाऊन उभा राहिला. मी बोळातल्या स्टुलावर बसले. या वयात पुन्हा स्टूल नशिबी आलं.

बोर्गहिल्डने अंग चोरून तवा परत शेगडीवर ठेवला. चिमणी लावली. तशी खिडकीचे पडदे हलकेच आत ओढले गेले. स्टाइनारने आणलेली चिमणी, ताकदीची. वड्या चुरचुरायला लागल्या. तोरफिनने दातांत काठी धरून दुसरं टोक पंपाला लावलं आणि डोळे मिटले. मी कान टवकारले. घूं घूं. चुरचुर. सळसळ. मला वाटलं, झालं, सामान बांधायचं.

आणि मग भिंतीतून आवाज आला. “ब्लुब.”

 पुन्हा, “ब्लुब-ब्लुब.” अगदी कोणीतरी तहानलेलं बसून पाणी पितंय तसा. तोरफिन डोळे मिटून शांत उभा. त्याला ओ की ठो कळलं नव्हतं. मी उठून त्याच्या खांद्यावर थाप मारली.

“आला?”

“आला!”

स्वयंपाकघराच्या दारात बोर्गहिल्ड उलथनं हातात धरून उभी होती. “गुन्वोर, तू ऐकलंस? खरं सांग. माझं मन राखायला नको.”

“ऐकलं गं बाई. ब्लुब. तू म्हणालीस तस्सा.”

ती खुर्चीवर बसली आणि उलथन्यासकट दोन्ही हात चेहऱ्यावर घेऊन रडली. तिला रडताना पाहून मलाही आवरेना. वड्या जळत होत्या, पण कोणी उठेना.

तोरफिन मात्र काठीकडे संशयाने पाहत होता. “आता फोन करायला जा,” तो तिला म्हणाला.

“कोणाला?”

“कोणालाही. नेहमी जातेस तशी.”

बोर्गहिल्ड उठली, तवा बाजूला केला, चिमणीचं बटण दाबलं आणि बोळाकडे निघाली. आवाज थांबला.

“थांबला!” मी ओरडले.

“चिमणी का बंद केलीस?” तोरफिनने विचारलं.

“मग काय करू? तिच्या गोंगाटात फोनवर ऐकू येत नाही.”

तोरफिन हसला. तो वर्षातून दोनदा हसतो, त्यातलं एक हे. त्याने स्वतः जाऊन चिमणी लावली. ब्लुब. खिडकी उघडली. गप्प. खिडकी लावली. ब्लुब. नव्या खेळण्याशी पोरगं खेळतं तसं त्याने उघडझाप चालवली, आणि दर वेळी माझ्याकडे पाहून “आता?” विचारायचा आणि मी मान हलवायची. मग त्याने बोर्गहिल्डच्या विणकामाच्या टोपलीतून लोकरीचा एक धागा घेतला आणि बाहेर जाऊन, पंपाचं उन्हाळ्यातलं पाणी जाण्यासाठी भिंतीतून काढलेल्या बारीक नळीच्या तोंडाशी धरला. आम्ही बंद खिडकीच्या काचेतून पाहत होतो. धागा सुळकन नळीत ओढला गेला.

“चिमणी हवा बाहेर फेकते,” तो आत येऊन म्हणाला. एका दमात इतकी वाक्यं मी त्याच्या तोंडून कधी ऐकली नव्हती. “बाहेर गेली तेवढी आत यायला हवी. घर तोंड मिटून बसलंय. म्हणून ते या नळीतून हवा पितंय. नळी भिंतीत वाकलीय, वाकात पाणी साचलंय, त्यातून बुडबुडे. पण हिवाळ्यात नळीत पाणी आलं कुठून?” त्याने बोर्गहिल्डकडे पाहिलं. “पंपाची जाळी धुतेस?”

“दर शनिवारी. घाण ठेवू की काय?”

“आणि ओलीच लावतेस?”

“ओली लावली तर काय ती विरघळते?” ती फणकारली. रडून झाल्यावर तिला धार आली होती.

तेवढ्यात बाहेरचं दार उघडलं आणि स्टाइनार आत आला. आईला जागा दाखवायला न्यायचं म्हणून तो बोटीवरून थेट आला होता. चार वाजता घरात तिघंजण पाहून तो आधी घाबरला, मग नेहमीप्रमाणे खिडकीकडे वळला. “काय भट्टी पेट…”

“खिडकीला हात लावू नकोस!” मी ओरडले. तो जागच्या जागी थिजला.

“ब्लुब,” भिंत म्हणाली. “ब्लुब-ब्लुब.”

स्टाइनारने आधी पंपाकडे पाहिलं, मग आईकडे.  आईने उलथनं पंपाच्या दिशेने केलं.

“पण हवा आत का येत नाही?” तोरफिन स्वतःशीच बोलत खुर्चीवर चढला. प्रत्येक खोलीत छताखाली हवेचा एक गोल झरोका असतो, त्याचं झाकण त्याने तपासलं. “झाकण उघडं आहे. हवा तर यायला पाह…” त्याने आत बोटं घातली, आणि झरोक्यातून एक राखाडी लोकरीचा मोजा बाहेर आला. टाचेवर पांढरी आठ पाकळ्यांची चांदणी. त्यामागून दुसरा आला. थंड वाऱ्याची झुळूक आत शिरली आणि ब्लुबचा जोर लगेच कमी झाला. तोरफिन खुर्ची घेऊन दुसऱ्या खोलीत गेला. तिथेही मोजे. तिसऱ्या खोलीतही.

“वारा येत होता त्यातून,” स्टाइनार पुटपुटला. “तुला थंडी वाजू नये म्हणून… कसलं तरी जाड कापड हवं होतं.”

बोर्गहिल्डने मोजे गोळा केले. जेवणाच्या टेबलावर एकेक जोडी जुळवून मांडली, हाताने इस्त्री करावी तशा सुरकुत्या काढल्या. एकाही मोज्याची टाच झिजलेली नव्हती.

“हा मी तुला गेल्या नाताळात विणून दिलेला,” ती म्हणाली. “हा त्याच्या आधीचा. हा बाबा गेले त्या वर्षीचा, त्याच्यावर चांदणी वाकडी आलीय. तू म्हणाला होतास, डेकवर हेच घालतो. पाय कसे उबदार राहतात, आई. दर वर्षी म्हणालास.”

स्टाइनार कानांपर्यंत लाल झाला. एवढा थोराड गडी, पण चोरून साखर खाताना सापडलेल्या पोरासारखा उभा होता. “टोचतात गं, आई,” तो शेवटी म्हणाला.

“अस्सं. म्हणजे नसलेला आवाज मी ऐकत होते, आणि नसलेले मोजे तू घालत होतास,” बोर्गहिल्ड म्हणाली. “मग चर्चजवळ राहायला कोणी जायचं, ते ठरवा आता.”

मी हसू दाबलं, पण तोरफिनला ते जमलं नाही, आणि वर्षाचं दुसरं हसूही त्याच दिवशी खर्ची पडलं. स्टाइनार बोळात फोनपाशी गेला. “जागा नको,” असं तो कोणाला तरी सांगत होता. “नाही, नाही, आई बरी आहे. आई अगदी बरी आहे.”  आत यायच्या आधी त्याने बाहीने तोंड पुसलं. मला त्याचे कान उपटायचे होते, ते मी रद्द केलं.

निघताना बोर्गहिल्डने आम्हाला जळक्या वड्यांतल्या बऱ्या वड्या बांधून दिल्या. गाडीत बसल्यावर तोरफिनने किल्ली फिरवली नाही. पुढच्या काचेतून खाडीकडे बघत बसला.

“कसा होता गं तो?” त्याने विचारलं.

“कोण?”

“आवाज.”

तेव्हा माझ्या लक्षात आलं. सगळ्यांनी ऐकला, त्याच्याशिवाय. काठी यंत्राचं दुखणं ऐकते, आणि यंत्राला दुखणं नव्हतंच. इतकी वर्षं लोक माझ्या कानात यंत्रं झाले, आणि आता माझ्यावर पाळी आली होती. मी इकडेतिकडे पाहिलं, रस्त्यावर कोणी नव्हतं.

“ब्लुब,” मी म्हटलं.

“नाही कळला.”

“ब्लुब!”

त्याने मागच्या सीटवरची काठी घेतली, एक टोक दातांत धरलं आणि दुसरं, जरासं दबकत, माझ्या गळ्याला टेकवलं. डोळे मिटले. मी पुन्हा म्हटलं, हळूच, बोर्गहिल्डच्या भिंतीसारखं, “ब्लुब… ब्लुब-ब्लुब.” त्याच्या भुवया वर गेल्या. त्याने मान डोलावली, काठी पुसून मागे ठेवली आणि गाडी सुरू केली.  मला तेव्हा फार बरं वाटत होतं.

शुक्रवारी चार वाजता मी कुलपात किल्ली घातली आणि फोन वाजला. बस गेली तर गेली म्हणून मी धावत आत आले.

“मोठ्याने बोल!” बोर्गहिल्ड ओरडली. “चिमणी चालू आहे, तवा शेगडीवर आहे! मी फोन पंपाजवळ नेते. ऐक हं!”

मी ऐकलं. घूं घूं, दूरवर चुरचुर, पंपाची सळसळ. कान किती ताणला तरी आणखी काही नाही.

“काही येत नाही,” मी म्हटलं.

“तेच तर ऐकवायचं होतं तुला,” ती म्हणाली. मग आवाज खाली आणून, “थांब, आता टेबलाजवळ धरते. हा ऐकू येतो का बघ.”

या खेपेला आवाज होता. बारीक, सुकी खरखर, थांबून थांबून. खर्र… खर्र-खर्र. तोरफिन शिडी आत घेत होता, त्याला मी हाताने थांबवलं.

“येतोय. काय आहे तो?”

“स्टाइनार. आज आपणहून आलाय, चार वाजता. टेबलाखाली पायावर पाय घासतोय. पण मोजे काढत नाहीये.”